त्रास दिला नाही

आमच्या घरात नरकचतुर्दशीची पहिली अंघोळ बंडूची. बंडू म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय वर्षे ३८. तेल लावताना तो अजून खिदळतो आणि उटण्याचा वास आला की नाक धरून बसतो. आई पहाटे चारला उठून त्याच्यासाठी पाणी तापवते. मी मदतीला गेले की म्हणायची, "तुला नाही जमायचं. त्याचं डोकं उजव्या हातावर धरावं लागतं."

बंडूसारख्यांना पूर्वी मतिमंद म्हणत. आता कायदा बौद्धिक दिव्यांग म्हणतो, आणि ते बरेच झाले. पण शब्द बदलला म्हणून त्याच्या सदऱ्याची बटणे आपोआप लागत नाहीत. ती आई लावते. त्याला सोडून ती एक रात्रही बाहेर राहिलेली नव्हती. माझ्या बाळंतपणालासुद्धा ती आली ती बंडूला बरोबर घेऊनच.

२०२२ साली तिच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. डॉक्टर म्हणाले, "काही दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही." आईने एकच विचारले, "आणि बंडू?"

मी एक संस्था शोधली. आठ दिवसांपुरते ठेवून घेणारी. प्रशस्त आवार, फुलझाडे, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. फॉर्मवर नाव, वय, रक्तगट, औषधे लिहिली, पैसे भरले आणि बाहेर पडले. खोटे कशाला बोलू? फाटकाबाहेर आल्यावर मला हलके वाटले.

आठ दिवसांनी आणायला गेले तेव्हा तिथले व्यवस्थापक म्हणाले, "अगदी गुणी हो! काडीचा त्रास दिला नाही."

मी हे कौतुकाने आईला सांगितले. तिचा चेहरा उतरला. बंडू दिवसातून तीस वेळा "आज कुठला वार?" विचारतो, दारातल्या चपलांच्या जोड्या लावतो, घरातले सगळे पानावर बसल्याशिवाय घास घेत नाही. तो बंडू आता बसवले तिथे बसून राहिला. केस बारीक कापलेले. दुपारी त्याने मुकाट्याने करंगळी वर केली. वर्गात रोज पन्नास करंगळ्या बघणारी मी मास्तरीण. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या न्हाणीघरात जायला परवानगी मागणारी ती करंगळी बघून माझ्या पोटात कालवले. महिनाभर ती खाली आली नाही.

त्याला कुणी मारले नव्हते. जेवण वेळेवर होते, चादरी स्वच्छ होत्या. तक्रार लिहायला बसले तर एक ओळ सुचेना. आई मात्र एवढेच म्हणाली, "त्यानं त्रास दिला नाही, म्हणजे त्याला विचारलंच नाही कुणी."

आपल्याकडे १९९९ सालचा राष्ट्रीय न्यासाचा कायदा आहे. कुटुंबावर संकट आले असता अशा व्यक्तींना सेवा पुरवणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना साहाय्य द्यावे, हा त्याचा एक उद्देश. त्याखाली 'समर्थ' नावाची, तात्पुरत्या निवाऱ्याची योजनाही निघाली. शहाण्यांनीच केलेला कायदा आहे. पण खाटा मोजता येतात, नळ मोजता येतात. आपले माणूस तिथे आपले राहिले की नाही, हे कुठल्या रकान्यात लिहायचे?

पुढच्या वर्षी दुसरा डोळा आला. आई हटून बसली. "एकानं दिसतंय तेवढं पुरे." वर्षभर ती एका डोळ्याने तांदूळ निवडत होती. शेवटी मला दुसरे एक घर सापडले. रंग उडालेला, सहा खाटा, फुलझाड एकही नाही. तिथल्या बाईंनी फॉर्म पुढे केलाच नाही. म्हणाल्या, "आधी एक दुपार चहाला आणा. मग एक रात्र ठेवून बघू. आणि आईंना घेऊन या."

दीड तास त्या आईला विचारत होत्या. कोणत्या कुशीवर झोपतो? पाण्याला काय म्हणतो? कुकरच्या शिटीला भितो का? रागावला की काय केलं म्हणजे निवळतो? दोनशे पानी वहीत सारे लिहून घेत होत्या. आई आधी बिचकत, मग खुलून सांगत होती. इतक्या वर्षांत तिला जे येते ते कुणी शिकायला मागितले नव्हते.

आठ दिवसांनी त्या बाई फाटकातच म्हणाल्या, "फार त्रास दिला हो! वार विचारून विचारून भंडावलं. शेवटी रोज सकाळी कॅलेंडरवर खूण करायचं काम त्यालाच दिलं. आणि स्वयंपाकीणबाईंना जेवायला बसवल्याशिवाय स्वतः जेवला नाही."

आई खळखळून हसली. त्या आठ दिवसांतल्या एका दुपारी ती सलग तीन तास झोपली होती. मी कुकरसुद्धा लावला नव्हता.

आता बंडू वर्षातून दोनदा तिथे जातो. पिशवी स्वतः भरतो. तीत चपलांचा जादा जोड घालायला विसरत नाही. आई सत्तरीच्या पुढे गेली आहे. "माझ्यामागे कोण?" हा प्रश्न आमच्या घरात उच्चारला जात नाही, पण तो रोज आमच्याबरोबर पानावर बसतो.

यंदा नरकचतुर्दशीला पाणी तापवून आई पाटावर बसली आणि तेलाची वाटी तिने माझ्या हाती दिली. मी बघतच राहिले.

"त्या बाईंना आठ दिवसांत जमलं," ती म्हणाली. "तुला का नाही जमायचं? धर. डोकं उजव्या हातावर."