आपल्या ताटाचं बोलू



आपल्या बैठकीत गायरानावर ठराव होतो. शिष्यवृत्ती थकली की मोर्चा निघतो. पण आपण काय खातो, कधी खातो, कुणाच्या हातचं खातो, यावर ठराव झालेला मला आठवत नाही. बैठक सहाला ठरते, आठला सुरू होते, अकराला संपते. तोवर चार वेळा चहा, एकदा वडापाव. मग घरी जाऊन झाकून ठेवलेलं गार कालवण. ते झाकून ठेवणारी बाई बैठकीला नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

यावर बोलणं निघालं ते आमच्या पाच जणांत. अकोल्यात. म्हणजे नगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं अकोले. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर. आम्ही एका शाळेतले. पुढं पाच दिशांना पांगलो. मी गावातच राहिलो, तासिका तत्त्वावर शिकवतो, तासाला पैसे आणि सुट्टीत ठणठणाट. एक नाशिकला नर्स झाली. एक पुण्याकडं चाकणला कंपनीत, कंत्राटावर. एक जिल्हा परिषदेचा मास्तर. एक पिकअप चालवतो. टमाटा नारायणगावला, कांदा संगमनेरला, कधी वाशीपर्यंत. मे महिन्यात चौघं माझ्याकडं उतरले. स्वयंपाक आम्ही पुरुषांनी करायचा आणि माझी आई बसून बोलणार, हे आधीच ठरलं होतं.

कोण काय करतंय हे सांगता सांगता प्रत्येकाची गोष्ट ताटापाशीच येऊन थांबू लागली.

पिकअपवाला म्हणाला, "पायाला खरचटलं व्हतं. दीड महिना झाला, भरंना. दवाखान्यात गेलो तर म्हणे साखर. आपलं वय बत्तीस, राव! आपल्याला कुठून आली साखर?"

नर्सबाईनं त्याला तिथंच हिशेबाला बसवलं. दिवसाला चहा किती? दहा कप. कपाला साखर? दोन चमचे. चमचा चार-पाच ग्रॅमचा. म्हणजे नुसत्या चहातून ऐंशी ते शंभर ग्रॅम साखर रोज. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. मोठ्या माणसाला ती साधारण पन्नास ग्रॅम होते, आणि निम्म्यावर आणली तर आणखी चांगलं. हा गडी दुप्पट घेत होता. वर धाब्यावरची मैद्याची रोटी, रात्रीचं जागरण.

तो म्हणाला, "मग चहा नको तर काय पिऊ? गाडी खाली होईस्तोवर चार-चार तास उभा असतो. जेवायचं म्हटलं तर शंभराच्या खाली ताट नाही. चहा दहा रुपयात मिळतो आन् भूक मारतो."

ही खरी गोष्ट. साखर ही आता लाडाची वस्तू राहिली नाही, गरिबाची भूक मारायची स्वस्त वस्तू झाली. आमच्या तालुक्यात ऊस आहे, कारखाना आहे, उसाच्या फडात राबणारी माणसं आहेत. त्यांच्याही हातात दुपारी काय, तर चहा आणि पाव.

आपण बाबासाहेबांचं काम सांगतो, त्यांचं शरीर सांगत नाही. १९४८ पासून त्यांना मधुमेह होता. त्याच वर्षी १५ एप्रिलला माईसाहेबांशी लग्न झालं, त्या स्वतः डॉक्टर. पुढची आठ वर्षं संविधान, हिंदू कोड बिल, राजीनामा, धर्मांतर, बुद्धावरचा ग्रंथ, हे सगळं त्यांनी दुखऱ्या पायांनी, अधू होत चाललेल्या नजरेनं ओढलं. १९५६ च्या ६ डिसेंबरला गेले तेव्हा वय पासष्ट. आपण त्यांच्या जागरणाचं कौतुक करतो आणि स्वतः जागरण करून वडापाव खातो. कार्यकर्त्याचं शरीर चळवळीचंच आहे, ते जपलं तर चैन होत नाही.

मग चाकणवाल्यानं तोंड उघडलं. त्याची खोली. मालकानं भाडं सांगितलं, आगाऊ रक्कम सांगितली आणि शेवटी हळूच विचारलं, "नॉनव्हेज खात नाही ना?" तो 'नाही' म्हणाला. तेव्हापासून अंडं उकडायचं तर खिडकी लावून. टरफल खिशात घालून कंपनीच्या कचऱ्यात. सुकट तर विसरायचंच. वास जिन्यात जातो.

"आडनावावरून कळत नाही त्यांना," तो म्हणाला, "म्हणून वासावरून काढतात."

दोस्त हो, ही नवी वेस आहे. गावकुसाबाहेर ठेवायला आता धोंडे लागत नाहीत, भाड्याचा करार पुरतो. आणि सरकारही हातभार लावतं. १९७६ च्या कायद्यात गाय होती. २०१५ साली बैल आणि वळूही त्यात आले. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानं कायदा कायम ठेवला, पण परराज्यातून आलेलं मांस जवळ बाळगण्यावरची बंदी काढली; घरात काय खावं हा माणसाचा खाजगी हक्क, असा त्याचा अर्थ. शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं २०२३ च्या शेवटी सुरू झालं, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचा पैसा थांबवला. कुपोषणाचे आकडे मोजायला मात्र पैसा असतो.

इथं मास्तर मध्ये पडला. मास्तर इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलाय. दहा दिवस शिबिर, दहा दिवस शाकाहार. तेव्हापासून त्यानं मांस सोडलंय. त्याचं म्हणणं असं: "आपण बौद्ध. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दयेची प्रतिज्ञा आहे. मग बोकड कापायचं आणि बुद्धवंदना म्हणायची, हे कसं?"

नर्सबाई भडकली. "आरं, तू बामण व्हायला निघालास!"

मास्तरचा चेहरा उतरला. मला तो टोमणा बरा वाटला नाही. ज्यानं विचार करून सोडलं त्याला बामण म्हणायचं, आणि जो खातो त्याला मालक घाणेरडा म्हणणार, म्हणजे माणसानं जायचं कुठं? म्हणून आम्ही भांडण बाजूला ठेवून पाहिलं की धम्मात आहे काय.

विनयात आहे की देवदत्तानं बुद्धाकडं मागणी केली, भिक्खूंना मांस-मासळी कायमची बंद करा. बुद्धानं सक्ती नाकारली. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तसा संशय नाही, असं मांस भिक्खूला चालतं, असा नियम. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात याची उकल केलीय. बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, तो आंधळा नियम नव्हे. गरजेपोटी मारणं वेगळं आणि मारण्याची हौस वेगळी. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळं ठेवतं.

तेव्हा मास्तर सोडतो तर सोडो. पण त्यानं दुसऱ्याच्या ताटात डोकावून नाक मुरडायचं नाही, आणि आपण त्याला बाटगा म्हणायचं नाही. एवढं मान्य झालं.

आता सगळ्यात अवघड भाग. आई.

आई इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होती. मी तिला म्हणालो, चान्यांचं सांग. चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या. दोरीवर वाळत घालायच्या, मडक्यात भरून ठेवायच्या, पावसाळ्यात काही नसलं की निखाऱ्यावर भाजायच्या नाहीतर आमटीत टाकायच्या. मला ते लिहून ठेवायचं होतं. अलीकडं असं लिहिणं सुरू झालंय. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं, मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीचं पुस्तक. २०२४ साली ते इंग्रजीतही गेलं.

आई म्हणाली, "कशाला लिव्हतो? ती काय हौस व्हती का? भूक व्हती ती. बहात्तरच्या दुष्काळात माही आई खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकर थापता येईना, तुटायची. तेबी लिव्ह मंग."

कुणीच काही बोललं नाही.

आईचं खरं आहे. आपल्या आजा-पणजानं काय खावं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. मेलेलं ढोर ओढायचं काम जातीनं दिलं आणि मजुरी म्हणून त्याचंच मांस. येसकराची पाळी आली की घरोघर भाकर मागायची. सुगीला खळ्यावरून बलुतं आणायचं, तेही हात जोडून. आमच्याच तालुक्यात, धामणगावात जन्मलेल्या दया पवारांनी आपल्या आत्मकथनाचं नाव 'बलुतं' ठेवलं, १९७८ साली. म्हणून बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडला सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा. पुढं १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी दाखवलं की गोमांसाचा प्रश्न अस्पृश्यतेच्या मुळाशी कसा आहे. बौद्ध धर्माशी झगडताना ब्राह्मणांनी गोमांस सोडलं, गाय पवित्र केली. खात राहिले ते वेशीबाहेर राहिले.

दोन्ही एकत्र वाचा. महाडला ते लाचारी सोडा म्हणाले. ग्रंथात ते म्हणाले की तुमच्या खाण्याला विटाळ मानणं हा इतिहासात रचलेला डाव आहे, तुम्ही जन्मानं घाण नाही. यात विरोध नाही. भीक म्हणून, वेठ म्हणून जे ताटात पडलं ते फेकायचं. पण आपल्या पैशानं, आपल्या मर्जीनं बाजारातून आणलेल्या मांसाची लाज कशाला? आणि आजीनं भुकेतून जी अक्कल काढली, वाळवायची, टिकवायची, काही वाया न घालवायची, ती अक्कल आजीची आहे. भूक जातीनं दिली होती. भुकेचं कौतुक नको, अक्कल लिहून ठेवू. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मंग माहं नाव नको टाकू." नाही टाकलं.

नर्सबाईला लिहिण्यात रस नव्हता, तिला रक्तात होता. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. बाईचं हिमोग्लोबिन बारा असावं, गरोदरपणी किमान अकरा. तिच्याकडं सात-आठवाल्या येतात. "कलेजी, रक्ती, वजडी हे आपल्याकडं स्वस्तात व्हतं," ती म्हणाली. "त्यातलं लोह अंगाला लवकर लागतं. पण कलेजी पहिली पुरुषाच्या ताटात. पालेभाजी खा, वर लिंबू पिळ, आणि जेवणावर चहा पिऊ नको, लोह लागत नाही. हे सांगते तर सासूच चहाचा कप पुढं करती."

मग धान्य. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनवर माणशी पाच किलो येतं, २०२३ च्या जानेवारीपासून फुकट. त्यानं उपाशी झोपणं कमी झालं, हे नाकारू नये. पण आमच्याकडं येतो तो तांदूळ आणि गहू. तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरात नागली, वरई, खाली बाजरी. ते ताटातून कमी होत गेलं. २०२३ हे जगभर भरडधान्याचं वर्ष झालं आणि नागलीची बिस्किटं शहरातल्या मॉलात गेली.

आमच्याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. महादेव कोळी समाजातल्या. शाळेत न गेलेल्या या बाईनं वालाचं, भाताचं, भाज्यांचं गावरान बी घरात जपलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा अभिमान आहेच. पण त्यांचं बी पाहताना मला टोचलं ते वेगळंच. बी जपायला आधी जमीन लागते. आमच्या पणजीच्या घरात बियाचं गाडगं असण्याचा प्रश्नच नव्हता. धान्य दुसऱ्याच्या खळ्यावरून येई, ते पेरायला नसे, दळायला असे. म्हणून गावरान बियाण्याची चळवळ आणि गायरानाची चळवळ या दोन चळवळी नाहीत. तोवर एवढं करता येतं की वालाचा वेल घराच्या कुडावर, पत्र्यावर चढतो. त्याला सातबारा लागत नाही.

रात्री बाजरीच्या भाकरी मी थापल्या. दोन फाटल्या. सुकटाचं कालवण पिकअपवाल्यानं केलं, मास्तरनं स्वतःसाठी हुलग्याचं पिठलं. सगळे एका सतरंजीवर बसलो. नंतर पुढच्या गोष्टी ठरवल्या, त्या तुमच्यासमोर ठेवतो:

बैठकीत चहा एकदाच, साखर वेगळी ठेवायची. वडापावाच्या पैशात फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली अंडी, केळी येतात. बैठक वेळेवर सुरू करायची, म्हणजे बायकाही येतील आणि जेवणही वेळेवर होईल. जयंतीच्या भोजनात बुंदी कमी, उसळ जास्त. रांधायला आणि भांडी घासायला पुरुषांची पाळी लावायची, कागदावर नावं लिहून. तिशी ओलांडलेल्यानं वर्षातून एकदा साखर तपासायची, बायकांनी हिमोग्लोबिन. आणि ताटावरून कुणी कुणाला हिणवायचं नाही. सोडणाऱ्याला नाही, खाणाऱ्याला नाही.

यात क्रांती नाही असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. क्रांती करायला माणसं पन्नाशीपर्यंत तरी टिकली पाहिजेत.

पिकअपवाल्याची तीन महिन्यांची साखर नऊ दशांश आठ निघाली होती. आता तो चहा तीन कपांवर आलाय, बिनसाखरेचा, आणि गाडीत भाकर-चटणी बांधून नेतो. भाकर बायको बांधते का तू, असं नर्सबाईनं फोनवर विचारलं. "आठवड्यातून तीन दिस मी," तो म्हणाला. पुढची तपासणी ऑगस्टात आहे. तुमच्या गावात, तुमच्या बैठकीत काय ठरलं ते कळवा.