लोभी फसतो, असं मी म्हणत असे

लोभी माणूसच फसतो, हे माझं ठाम मत होतं. मुंबईत हिंदमाताच्या कापडबाजारात गल्ल्यावर बसून अर्धं आयुष्य गेलं की असली मतं आपोआप बनतात. गिऱ्हाईक पायरी चढतं तेव्हाच ते घेणार आहे की नुसता भाव काढून समोरच्या दुकानात जाणार आहे, हे आम्हाला कळतं. निदान कळतं असं आम्ही धरून चालतो. त्यामुळे कोणाच्या खात्यातून पैसे गेल्याचं कानावर आलं की माझा निकाल तयार असे: फुकटचं काहीतरी हवं होतं, म्हणून गेले. लॉटरी लागली म्हणून कोणी ‘प्रोसेसिंग फी’ भरली, व्हिडिओ लाइक करायचे पैसे मिळतात म्हणून कोणी टेलिग्रामच्या ग्रुपात शिरलं, तर चोराइतकाच दोष त्याचा, असं मी चारचौघांत बोलून दाखवायचो. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सावध राहा’च्या याद्या टाकायचं कामही मीच अंगावर घेतलेलं. ते मत आता माझं राहिलेलं नाही.

मताचं मूळ धंद्यात होतं. शुद्ध रेशीम म्हणून कोणी माल दाखवायला आणला की आम्ही एक धागा ओढून काढतो आणि त्याला काडी लावतो. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे उरलेली राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. माल आणणारा कितीही गोड बोलो, धाग्यावर निकाल लागतो. फोनवरच्या भामट्याचाही असा एखादा धागा सुटा असतोच, तो ओढता आला पाहिजे, असं मला वाटायचं. चुकलेलं स्पेलिंग, परदेशातला नंबर, मोडकी हिंदी, कुठून तरी उचललेला लोगो.

काही वर्षं ते खरंही होतं. वीजबिलाचा तो मेसेज आठवत असेल: मागच्या महिन्याचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापणार, ताबडतोब या अधिकाऱ्याला फोन करा. आमच्याकडे वीज बेस्टची. मेसेज पाठवणाऱ्याला दादर-परळला वीज कोण देतं याचा पत्ताही नसायचा, तो भलत्याच कंपनीचं नाव घालायचा. दुपारी डबे खाताना आम्ही ते मोठ्याने वाचून हसायचो.

पहिला तडा गेला तो जानेवारी २०२५ मध्ये. दादर पश्चिमेला टोरेस नावाचं दागिन्यांचं झगमगीत शोरूम होतं. मॉइसनाइटचे, म्हणजे कृत्रिम खडे विकत घ्यायचे आणि त्यावर दर आठवड्याला परतावा खात्यात, अशी योजना. ग्रँट रोड, कांदिवली, सानपाडा, कल्याण, मीरा रोड इथेही शाखा होत्या. ६ जानेवारीला शोरूमबाहेर पैसे अडकलेल्यांची झुंबड उडाली, तोवर मालक म्हणवणारे परदेशी लोक देशाबाहेर गेलेले होते. शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, त्यातला फिर्यादी दादरचा एक भाजीविक्रेता. ‘बघा, हाव!’ असं मी सवयीने म्हणालो, पण मलाच ते पटेना. दादरचे भाजीवाले मी पहाटे पाहिलेले आहेत. चार आण्यासाठी जुडी परत टोपलीत टाकणारी ही माणसं. त्यांनी आधी थोडेच पैसे घातले, आठवड्याला येतात का ते पाहिलं, आले तेव्हा आणखी घातले. आम्हीही नव्या व्यापाऱ्याशी अगदी असंच वागतो. पहिला माल थोडा, पैसे वेळेवर येतात का बघायचं, मग उधारी वाढवायची. म्हणजे त्यांच्या हावेबरोबर, किंबहुना त्याहून जास्त, त्यांची बाजारातली खबरदारीच त्यांच्यावर उलटवली होती. आणि माझं नेहमीचं वाक्य, ‘ऑनलाइनवर भरवसा नको, समोर दुकान असलं म्हणजे पळून कुठे जाणार’, तेही त्या दिवशी निकालात निघालं.

तरी मत पुरतं बदललं ते आमच्याच मजल्यावर.

तिथे एक निवृत्त नर्स राहतात. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणते. परळच्या हॉस्पिटलांत रात्रपाळ्या करून पेन्शनीत निघालेल्या. दुकानदाराने चुकून दहा रुपये जास्त परत दिले तर उलट्या पावली जाऊन देऊन येणाऱ्या बाई, हाव म्हणाल तर औषधाला नाही. त्यांना फोन आला: तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झालाय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल. लगेच ‘मुंबई क्राइम ब्रँच’ला जोडून दिलं. मग व्हिडिओ कॉल. मागे भिंतीवर बोधचिन्ह, समोर खाकी गणवेश, आणि स्वच्छ मराठीत, ‘मॅडम, तुम्ही सहकार्य केलंत तर आम्ही तुम्हाला यातून बाहेर काढू. पण कोणाला एक शब्द सांगायचा नाही.’ दीड दिवस सिस्टर खोलीतून हलल्या नाहीत. फोन चार्जरला लावून उशीला टेकवून ठेवलेला, कॅमेरा चालू. बाथरूमला जायचं तरी विचारून. मधे एक भिंत, पलीकडे आम्ही. सिस्टरच्या घरातून टीव्हीचा आवाज येत नाही, एवढंच आमच्या हिच्या लक्षात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या बँकेत गेल्या. काउंटरवरच्या मुलीने विचारलंसुद्धा, ‘मावशी, एवढी एफडी एकदम का मोडताय?’ सिस्टरनी सांगितलं, भाच्याला फ्लॅट घ्यायचाय. हे उत्तर त्यांना पढवून पाठवलेलं होतं, आणि त्यांनी ते न अडखळता दिलं, कारण त्यांच्या लेखी त्या पोलिसांच्या तपासाला मदत करत होत्या. पैसे ‘रिझर्व्ह बँकेच्या पडताळणी खात्यात’ जाणार होते आणि दोन दिवसांत परत येणार होते.

नंतर मी त्यांना विचारलं, आणि विचारताना माझ्या आवाजात जुना निकाल होताच, ‘सिस्टर, सायबर फसवणुकीपासून सावध करणारी ती अमिताभची कॉलर ट्यून तुम्ही रोज ऐकत होतात ना?’

‘ऐकत होते की,’ त्या म्हणाल्या. ‘पण ती ट्यून चोरांबद्दल होती. हे तर पोलीस होते.’

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार आपल्या कोणत्याच कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं आणि सिस्टरनी ते ऐकलंही होतं. पण सरकारी माणसाने आवाज चढवला की आपण पहिल्यांदा उभे राहतो, विचार नंतर करतो. त्यांना लुबाडलं ते आज्ञाधारकपणाच्या जोरावर, आणि उभ्या आयुष्यात नावाला डाग लागू न दिल्याच्या अभिमानावर. याला लोभ म्हणायला माझी जीभ रेटेना.

शिक्षण, पैसा, अनुभव यांनीही फरक पडत नाही. आमच्या धंद्यात वर्धमानचं सूत कोणाला माहीत नाही? त्या समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल, पद्मभूषण, तेव्हा वय ८२. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांना असंच पाळतीखाली ठेवून चक्क सुप्रीम कोर्टाची खोटी ऑनलाइन सुनावणी दाखवली, तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या नावाने कोणीतरी बोलत होता. सात कोटी गेले. पुढे पोलिसांनी सव्वापाच कोटींच्या आसपास परत मिळवले, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. ज्याने उभी हयात माणसं पारखण्यात घालवली, त्याला ओळखता आलं नाही, तर माझ्या व्हॉट्सॲपवरच्या याद्या काय कामाच्या?

याद्या मी बंद केल्या. त्यातली प्रत्येक खूण आता मेलेली आहे. मजकूर शुद्ध असतो, मराठी चोख असतं, हल्ली तेही यंत्र लिहून देतं. फोटो तर खरेच असतात. हिंदमाताला पाणी भरलं की (टाक्या बांधल्या, पंप बसवले, पण आम्ही अजून जून आला की खालच्या फळीवरचा माल वर चढवतो) गिऱ्हाईक फिरकत नाही, तेव्हा आम्ही साड्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. तेच फोटो, मागे आमचंच काउंटर दिसतंय, उचलून कोणीतरी इन्स्टाग्रामवर निम्म्या भावात लावले. खेडहून एक बाई थेट दुकानात येऊन भांडली, ‘पैसे घेतलेत, साडी कुठाय?’ फोटोत आमचा सेल्समन उभा होता. तिला कोणती खूण दिसणार होती? लग्नसराईत तर ओळखीच्या नंबरावरून पत्रिका येते. ती पत्रिका नसते, एपीके फाइल असते. उघडून इन्स्टॉल केली की आपले मेसेज आणि ओटीपी परस्पर दुसऱ्याला जाऊ लागतात. पाठवणारा खरोखर आपला मित्र असतो, त्याचा फोन आधीच गेलेला असतो.

गंमत अशी की यावरचा उपाय आमच्याच गल्ल्यावर होता. दिवाळीच्या गर्दीत एखादा पोरगा फोन पुढे करतो: हिरवी खूण, बरोबर रक्कम, दुकानाचं नाव. पैसे न पाठवता असा पडदा दाखवणारी खोटी ॲप्स आहेत. सुरुवातीला आमचे सेल्समन स्क्रीन निरखत बसायचे, अक्षर कसं आहे, वेळ काय पडलीय. शेटनी एका वाक्यात मिटवलं: ‘स्क्रीन बघायची नाही, डबा बोलला की पिशवी द्यायची.’ साउंडबॉक्स गप्प राहिला तर बँकेचा मेसेज येईपर्यंत थांबायचं, मग समोर शेटचा मेहुणा का असेना. नियम सगळ्यांना सारखा म्हणून कोणाला रागही येत नाही. समोरचा खरा की खोटा हे ओळखण्याची जबाबदारीच पोरांच्या डोक्यावरून उतरली.

आता घरीही मी हेच सांगतो. ओळखायला जाऊ नका. फोनवर पैसे, ओटीपी, पिन, आधार किंवा ‘स्क्रीन शेअर करा’ यातलं काहीही निघालं की फोन ठेवायचा, बोलणारा खरा वाटला तरी ठेवायचा. मग आपण स्वतः बँकेला फोन लावायचा, तोही कार्डामागे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरवर. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून नव्हे, तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. बँकेची साइट उघडायची असेल तर पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का बघा, रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत सगळ्या बँकांना तिकडे जायला सांगितलं होतं. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. आणि पोलीस म्हणवणारा कोणी असेल तर आमच्यासाठी भोईवाडा पोलीस ठाणं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ‘साहेब, मी तिथेच येतो’ म्हणायचं. खरा पोलीस याला हरकत घेणार नाही.

नियम असूनही पैसे जातातच कधी तरी. सिस्टरनी घडलेलं तीन दिवस कोणाला सांगितलं नाही. का, तर लोक काय म्हणतील. त्या ‘लोकां’मध्ये पहिला मी होतो. गच्चीवर, जिन्यात, ग्रुपवर मीच तर म्हणत आलो होतो की फसतो तो लोभी. चोरांनी ‘कोणाला सांगू नका’ म्हटलं होतं, आणि फोन बंद झाल्यावर तेच काम माझ्या शेऱ्याने पुढे चालवलं. त्या तीन दिवसांत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाच-सहा खात्यांत पांगले होते. ही खाती बहुतेक भाड्याची असतात. चार-पाच हजारांसाठी आपलं पासबुक, सिम आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हवाली करणारी पोरं आपल्याच वस्त्यांत आहेत, आणि गुन्ह्यात पहिला हात त्यांच्याच खांद्यावर पडतो. फोनवर बोलणाराही मजेत असेलच असं नाही. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या असल्या अड्ड्यांतून सुटलेले पाचशेहून जास्त भारतीय हवाई दलाच्या विमानांनी परत आणले, नोकरीच्या आमिषाने नेऊन तिथे डांबलेले. हे कळल्यापासून चोराला शिव्या देतानाही माझी जीभ थोडी अडखळते.

सिस्टरचे थोडे पैसे एका खात्यात गोठवलेले सापडले, बाकीचे गेले. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा नंबर त्यांनी त्याच तासात लावला असता तर जास्त सापडले असते. तिथे व्यवहाराचा नंबर, रक्कम आणि वेळ सांगितली की तक्रार संबंधित बँकांपर्यंत पोचते आणि पैसा जिथे असेल तिथे अडवता येतो. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये केलेल्या नियमातही हेच होतं: आपल्या चुकीने पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जातील त्याची जबाबदारी बँकेची. चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच येणार नाही, असंही त्यात होतं. सगळं घड्याळावर आहे.

म्हणून वाचणाऱ्याला एकच विनंती. घरातलं, शेजारचं कोणी फसलं तर ‘तुला कळलं कसं नाही?’ असं विचारू नका. ‘पैसे किती वाजता गेले?’ एवढंच विचारा आणि त्यांच्या शेजारी बसून १९३० लावा.