संक्रांतीनंतरचा बोका : एका वर्तनबदलाची नोंद

पाळीव मांजराच्या वागण्यात कारण न कळता पडलेला फरक त्याच्या शरीरातील बिघाडामुळे आहे की भोवतालच्या परिस्थितीमुळे, हा प्रश्न मांजर पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा उभा राहतो, आणि तो बहुतेक वेळा ‘आजारी आहे की घाबरले आहे’ अशा दोन टोकांतच मांडला जातो. प्रस्तुत लेखिकेच्या सुरतेतील घरी एका बोक्याच्या बाबतीत हा प्रश्न जसा उभा राहिला आणि ज्या रीतीने सुटला, किंवा खरे म्हणजे अर्धवट सुटला, त्याची नोंद येथे केली आहे. कारण या प्रकरणात दोन्ही टोके एकाच आजारात येऊन मिळतात असे दिसून आले, आणि घरात चाललेला वाद त्यामुळे बराचसा निरर्थक ठरला.

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांना तापीच्या खोऱ्यातून सुरतेशी जोडणाऱ्या रेल्वेने ही माणसे यंत्रमागांवर आणि कापड गिरण्यांत कामाला आली व स्थिरावली, आणि त्यांच्या घरांतील बायका साड्यांना लेस लावणे, टिकल्या व खडे चिकटवणे, लोंबते धागे कापणे अशी जॉबवर्कची कामे घरी आणून करू लागल्या. लेखिकेच्या घरीही हे काम चालते. साड्यांचे गठ्ठे बिनरंगवलेल्या पांढऱ्या कापडात, म्हणजे बाजारात ज्याला ‘ग्रे’ म्हणतात त्यात, बांधून येतात, आणि पुढच्या खोलीतील असा एखादा गठ्ठा ही त्या बोक्याची दिवसभराची ठरलेली जागा होती. बोका मध्यमवयीन, नसबंदी केलेला, अंगाने थोडा सुटलेला, कोरड्या खाद्यावर वाढलेला आणि गच्चीपलीकडे फारसा न जाणारा होता. हा तपशील येथे वर्णनासाठी दिलेला नाही. यातील प्रत्येक गोष्ट पुढे निदानाच्या वेळी कामास आली.

जानेवारीच्या मध्यास अशा घरात दोन सण एकदम येतात. गच्चीवर गुजराती उत्तरायण असते. १४ जानेवारीला आणि दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, पहाटेपासून पतंग चालतात, प्रत्येक गच्चीवर स्वतंत्र ध्वनिक्षेपक लागलेला असतो, पतंग कापला की सगळी गल्ली ओरडते, आणि अंधार पडल्यावर फटाके सुरू होतात. गच्चीखालच्या खोल्यांत मात्र त्याच दिवसापासून मराठी संक्रांत लागते, म्हणजे तिळगूळ येतो आणि रथसप्तमीपर्यंत चालणारे हळदीकुंकू येते, ज्यासाठी पुढच्या खोलीतले गठ्ठे आतल्या खोलीत रचले जातात, शिवणयंत्र भिंतीला सरकवले जाते, सतरंज्या अंथरल्या जातात आणि संध्याकाळी अनोळखी बायकांची ये-जा सुरू राहते. गुजराती शेजाऱ्यांकडचे मांजर दोन दिवस पलंगाखाली बसून सुटका करून घेऊ शकते. मराठी घरातल्या मांजराला वरचा सण संपला तरी खालचा संपत नाही. या दुहेरीपणाकडे लेखिकेच्या घरात त्यापूर्वी कोणाचे लक्ष गेले नव्हते, आणि जाण्याचे काही कारणही नव्हते.

बोक्याच्या वागण्यातील फरक उत्तरायणाच्या गडबडीतच सुरू झाला. सकाळी दुधाची पिशवी फोडल्याचा आवाज आला की जेथे असेल तेथून येणारा हा प्राणी येईनासा झाला, कपाटाच्या मागच्या फटीत बसू लागला, उचलू गेल्यास गुरगुरू लागला, वाटीतले खाणे हुंगून सोडू लागला, आणि वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार जाऊन बराच वेळ बसून तसाच बाहेर येऊ लागला. पुढे तर त्याने आतल्या खोलीत रचलेल्या गठ्ठ्यांवरच लघवी केली. मांजर हा शिकारी प्राणी असला तरी आकाराने लहान असल्यामुळे तो स्वतः इतरांची शिकारही होऊ शकतो, आणि दुखणे लपवण्याची त्याची सवय याच्याशी जोडली जाते. त्यामुळे मांजराच्या आजारात ओरडणे, लंगडणे अशी उघड लक्षणे उशिरा दिसतात आणि सवयीतला बदल आधी दिसतो. मॉन्ट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक श्रेणी प्रसिद्ध केली असून तीत कानांची ठेवण, डोळे मिटण्याचे प्रमाण, नाकातोंडाभोवतालचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची पातळी अशा पाच गोष्टी पाहिल्या जातात. कपाटामागच्या फटीत मोबाइलचा दिवा धरून पाहिले असता बोक्याचे कान बाजूला वळलेले, डोळे अर्धे मिटलेले आणि डोके खांद्यांच्या रेषेखाली गेलेले दिसत होते. झोपेला आलेले मांजर वरवर पाहता असेच दिसते, हीच यातली अडचण आहे.

घरात यावर जितकी माणसे तितकी मते होती. सासूबाईंनी ‘काय व्हयनं रे तुले’ असे अहिराणीत विचारून झाल्यावर हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईची दृष्ट लागली असे ठरवले आणि मीठ-मोहरी ओवाळून टाकली. लेखिकेच्या पतीच्या मते आवाजाची धास्ती हे पुरेसे कारण होते, आणि ते मत सहज खोडता येण्यासारखे नव्हते, कारण माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात तेथे मांजराचे कान ६० किलोहर्ट्झच्याही वर पोहोचतात. मुलाच्या मते गच्चीवर दिसू लागलेला एक अनोळखी बोका याला जबाबदार होता. शेजारणीच्या मते बोका खुन्नस काढत होता, कारण त्याचा गठ्ठा हलवला गेला होता. यांपैकी शेवटचे मत सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निराधार म्हणावे लागेल. हद्द आखण्यासाठी मांजर उभ्या पृष्ठभागावर, शेपटी ताठ करून, उभ्यानेच लघवीचा फवारा मारते. आडव्या मऊ जागेवर बसून केलेली लघवी हा वेगळा प्रकार असून, ट्रेमध्ये बसल्यावर दुखते असा अनुभव आलेले मांजर ट्रेलाच दुखण्याचे ठिकाण मानून दुसरी जागा शोधते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. गठ्ठा हलवल्याचा राग धरून सूड घेण्याइतका लांबचा हिशेब मांजर करत असेल असे मानण्यास आधार नाही.

लेखिकेची स्वतःची भीती वेगळी होती आणि ती सुरतेत राहणाऱ्यालाच सुचावी अशी होती. सुरतेचा मांजा गुजरातभर नावाजलेला आहे. डिसेंबरपासून रस्त्यांच्या कडेला दोरे ताणून त्यांवर काचेची पूड, रंग आणि चिकट लगदा यांचा लेप दिला जातो, आणि उत्तरायण उलटल्यावर तोच दोरा गच्च्यांवर, विजेच्या तारांवर, झाडांवर गुंतवळ होऊन पडलेला असतो. या दोऱ्याने जखमी होणाऱ्या पक्ष्यांसाठी गुजरात सरकार दर जानेवारीत करुणा अभियान राबवते आणि शहरातील पशुवैद्य त्या दिवसांत कबुतरे व घारींचे पंख शिवण्यात गुंतलेले असतात, परंतु मांजराला या दोऱ्यापासून असणारा धोका तितका चर्चेत नसतो. मांजराच्या जिभेवरील काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकून टाकणे त्याला जमत नाही आणि तो आतच सरकत राहतो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकून राहिले आणि उरलेला दोरा आतड्यात उतरला, तर आतडे पुढे जाण्याच्या धडपडीत नाडी ओढलेल्या पिशवीसारखे त्या दोऱ्यावर चुण्या पडून गोळा होते आणि दोरा त्याची भिंत कापू लागतो. अशा मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचे टोक दिसले तरी ते ओढायचे नसते. ओढल्याने आतील कापणे वाढते. न खाणे, लपून बसणे, उचलू न देणे ही बोक्याची लक्षणे या शक्यतेशी जुळत होती.

या सगळ्या मतांचा निकाल लागण्याची दिशा शेवटी कापडाने दाखवली. बांधकामावरून आणलेल्या काळपट वाळूत लघवीचा रंग कळत नाही, पण ग्रे कापड शोषून घेते आणि मूळचे पांढरे असते. गठ्ठ्यावरचा डाग रुपयाच्या नाण्यापेक्षा फारसा मोठा नव्हता, त्याच्या बाजूला आणखी दोन-तीन ठिपके होते, आणि वाळल्यावर त्याची कड गुलाबी, मधोमध फिकट तपकिरी झाली होती. साड्यांचे काम करणाऱ्या हातांना रंग उतरलेले कापड आणि रंग लागलेले कापड यांतला फरक बोटाने कळतो. हा साडीचा उतरलेला रंग नव्हता, रक्त होते. ज्या वागण्याला घरात खोड म्हटले जात होते तेच पुरावा होऊन समोर आले. वाळूतच सारे घडले असते तर ते दिसलेच नसते.

बोक्याला दवाखान्यात नेल्यावर पशुवैद्यांनी पहिली तपासणी केली ती दोऱ्याच्या शंकेची. त्यांनी बोक्याचे तोंड उघडून खालच्या जबड्याच्या दोन हाडांमधल्या मऊ भागावर बाहेरून अंगठा दाबला, त्याबरोबर जीभ वर उचलली गेली आणि तिच्या मुळाशी दोरा नाही हे दिसले. नंतर पोट चाचपून आतड्यांतही गोळा लागत नाही हे पाहिले. मग त्यांचा हात मूत्राशयावर थांबला. बोक्यांच्या बाबतीत हा क्षण निर्णायक असतो, कारण नराचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असल्यामुळे खडे, कण किंवा चिकट स्राव यांनी तो बंद होऊ शकतो. मूत्राशय मोठा व टणक लागला, तर लघवी तुंबली असे समजून तासांच्या हिशेबाने उपचार करावे लागतात. शरीराबाहेर न पडलेले पोटॅशियम रक्तात साठते, हृदयाचे ठोके बिघडतात आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू येऊ शकतो. येथे मूत्राशय लहान, जवळजवळ रिकामा, पण स्पर्शाला दुखरा होता. लघवी तुंबलेली नव्हती. आतल्या अस्तराची आग होत असल्यामुळे थेंबभर साठताच ती बाहेर टाकली जात होती.

लघवीच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत, सोनोग्राफीत खडा दिसला नाही, आणि उरलेल्या निदानाला जे नाव मिळाले ते अज्ञातकारण मूत्राशयदाह असे होते. अज्ञातकारण म्हणजे ज्याचे कारण निश्चित करता आलेले नाही असा. हे निदान इतर सर्व शक्यता वजा करून केले जाते, त्यासाठी होकार देणारी स्वतंत्र चाचणी नाही. कारण शोधत दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या हाती ‘अज्ञातकारण’ असा शिक्का पडावा यात थोडी थट्टा आहे खरी. परंतु शब्द रिकामा असला तरी त्यामागचे ज्ञान रिकामे नाही. या आजारात ताणाला प्रतिसाद देणारी मज्जासंस्था व संप्रेरकांची यंत्रणा नेहमीच्या प्रमाणात चालत नाही आणि तिचा परिणाम मूत्राशयाच्या अस्तरावर होतो असे मानले जाते. घराबाहेर न पडणारी, वजन वाढलेली, कोरडे खाद्य खाणारी व पाणी कमी पिणारी मांजरे यात अधिक सापडतात, म्हणजे वर दिलेले बोक्याचे वर्णन जवळजवळ तंतोतंत.

ताण या शब्दाने येथे फक्त भीती अभिप्रेत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ मांजरांचे ७७ आठवडे निरीक्षण करून २०११ मध्ये असे दाखवले, की खाण्याची वेळ बदलणे, सांभाळणारे माणूस बदलणे यांसारख्या नित्यक्रमातील व्यत्ययांनंतर मूत्राशयदाहाची मांजरेच नव्हे तर निरोगी मांजरेही कमी खाणे, ट्रेचा वापर टाळणे अशी आजारवर्तने, म्हणजे आजारी प्राण्यात दिसणारी वागणूक, दाखवू लागतात. या प्रकाशात लेखिकेच्या पतीचे मत आणि लेखिकेची शारीरिक बिघाडाची शंका यांतला विरोध उरत नाही: सण हे बाहेरचे निमित्त असले तरी रक्त खरे होते, आणि रक्त खरे होते म्हणून सणाचा संबंध नव्हता असेही म्हणता येत नाही. गच्चीवरच्या ध्वनिक्षेपकापेक्षा हलवलेला गठ्ठा आणि रोजची अनोळखी पावले यांचा वाटा मोठा असावा असे लेखिकेचे मत झाले, कारण दिवाळीतले फटाके या बोक्याने पूर्वी निमूट सोसले होते.

उपचारात वेदनाशामक औषध मुख्य होते, आणि ते पशुवैद्यांनीच दिलेले असणे अत्यावश्यक होते. घरातल्या डब्यातील पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणे ठरते, कारण ते निकामी करणारी यकृताची प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते. त्याखेरीज खाद्य ओले करणे, पाण्याची भांडी वाढवणे, आतल्या खोलीत कोणीही न उघडणारी एक जागा देणे आणि खाण्याच्या वेळा घड्याळाप्रमाणे पाळणे एवढेच सांगितले गेले. पुढची हळदीकुंकवे शेजारणीच्या ओट्यावर हलवण्यात आली, ज्याला सासूबाईंनी सुरुवातीला हरकत घेतली होती. बोका आठवडाभरात गठ्ठ्यावर परतला. या आजाराची बहुतेक आवर्तने औषध दिले तरी किंवा न दिले तरी साधारण आठवड्याभरात ओसरतात. त्यामुळे श्रेय औषधाचे, ओल्या खाद्याचे, शांत जागेचे की मीठ-मोहरीचे हे घरात आजवर ठरलेले नाही, आणि सासूबाईंचा दावा शास्त्रीय पद्धतीने खोडून काढण्यास आणखी बरीच मांजरे लागतील.

मात्र आजार पुन्हा उलटण्याची शक्यता असल्यामुळे काळपट वाळू बंद करून बेंटोनाइट नावाच्या मातीची रेती आणण्यात आली. ही माती मोठ्या प्रमाणात कच्छमध्येच निघते; ओल लागताच तिचा घट्ट गोळा होतो. मातीला पैसे मोजावे लागतात हे घरात अजून पूर्णपणे पटलेले नाही, पण तिचा उपयोग मोजमापाचा आहे. निरोगी मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करते, म्हणून सकाळी ट्रे चाळताना तितके बऱ्यापैकी गोळे सापडले पाहिजेत. बारीक बारीक गोळ्या पुष्कळ निघाल्या तर दाह उलटला असे समजून दवाखान्याची वेळ घ्यायची, आणि बोका ट्रेमध्ये जाऊन बसतो पण गोळा एकही निघत नाही असे झाले तर वेळ घेण्याच्या भानगडीत न पडता, रात्र असली तरी, तडक निघायचे असे ठरले आहे.