जॅक सातासमुद्रापार, माग मात्र घरात

मैत्रिणींनो, एक सोपा वाटणारा प्रश्न विचारते. तुमच्या पणजीचं माहेरचं आडनाव काय होतं? पणजोबांचं नाव तुम्ही चटकन सांगाल, त्यांच्या वडिलांचंही कदाचित आठवेल. पणजीपाशी मात्र आपण बहुतेकजणी अडखळतो, खरं ना?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा एक चिंचोळा मुलूख आहे. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका अशा दूरदूरच्या देशांतून माणसं तिथे आपले पूर्वज शोधत येतात. शोध असतो पणजोबांचा, पण गाडी अडते ती पणजीपाशी, आणि पुढे सरकते तीही पुष्कळदा तिच्यामुळेच. म्हणून आज तुम्हाला त्या मुलखात घेऊन जाते.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर पेन्झन्सची गाडी धरली, की साधारण पाच तासांचा प्रवास. टेमर नदीवरचा ब्रुनेलने बांधलेला 1859 सालचा लोखंडी पूल ओलांडला, की कॉर्नवॉल लागलं म्हणायचं. पुढे रेड्रुथ आणि कॅम्बोर्न ही जुळ्या बहिणींसारखी दोन गावं येतात. खिडकीतून पाहावं, तर माळावर उंच दगडी भिंती उभ्या. छप्पर नाही, आत कुणी नाही, कोपऱ्याला फक्त एक धुराडं. एखादा पडका गढीवाडाच वाटावा. पण या खाणींच्या इंजिनशाळा बरं का! खोल खाणीतलं पाणी उपसणारी वाफेची अजस्र इंजिनं इथे बसवलेली असत. 2006 साली युनेस्कोने हा सारा खाणमुलूख जागतिक वारशाच्या यादीत घातला.

या जमिनीखाली कथील आणि तांबं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगातलं कितीतरी तांबं इथूनच निघे. मग 1866 साली तांब्याचे भाव कोसळले आणि एकामागून एक खाणी बंद पडल्या. दैवाचा खेळ कसा पाहा! परदेशातलं जे स्वस्त तांबं बाजारात आलं, त्यातल्या बऱ्याच खाणी कॉर्नवॉलहून गेलेल्या माणसांनीच खणल्या होत्या. आपल्याच हातांनी दूरदेशी चूल पेटवावी आणि घरची विझावी, तसं झालं. 1815 ते 1914 या शंभर वर्षांत अंदाजे अडीच लाख माणसं हा मुलूख सोडून समुद्रापार गेली.

कझिन जॅक आणि कझिन जेनी

या माणसांना सगळीकडे एकच नाव पडलं, 'कझिन जॅक'. खाणीत एखादी जागा रिकामी झाली, की म्हणे हे हमखास सांगत, "गावाकडे माझा चुलतभाऊ जॅक आहे, त्याला बोलावून घेतो." त्यांच्या बायका मग झाल्या 'कझिन जेनी'. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं मूंटा घ्या. तिथे 1861 साली तांबं सापडलं आणि कॉर्नवॉलची माणसं इतकी लोटली, की त्या भागाला लोक 'लिटल कॉर्नवॉल' म्हणू लागले. खाणी 1923 साली थांबल्या, पण 1973 पासून तिथे दर दोन वर्षांनी कॉर्निश उत्सव भरतो.

आणि आपल्या देशातही हे जॅक आले होते! आज कर्नाटकात असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने चालवल्या. 1880 नंतर तिथे कॉर्नवॉलचे खाणकामगार आणि कॅप्टन आले. त्यांच्या भाषेत कॅप्टन म्हणजे खाणीचा मुकादम. कोलारच्या खाणी 2001 साली बंद झाल्या.

गडी कुठेही गेला तरी जेवणाचा डबा मात्र गावाकडचाच. 'पास्टी' म्हणजे आपल्या करंजीची थोरली बहीणच म्हणा. मैद्याच्या पारीत गोमांस, बटाटा, कांदा आणि सलगमासारख्या स्वीड नावाच्या कंदाचे तुकडे, मीठमिरी. अर्धचंद्राचा आकार आणि कडेला नीट घातलेली मुरड. बायका पास्टीच्या टोकाला नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षर काढत, म्हणजे खाणीत अदलाबदल नको. मेक्सिकोतल्या रेआल देल मोन्ते गावी हे लोक 1824–25 च्या सुमारास पोहोचले. तिथे आजही 'पास्ते' विकतात, फक्त आत मिरचीचा ठसका असतो, नाहीतर चक्क अननस! त्याच गावात इंग्रजांची दफनभूमी आहे. तिथली जवळजवळ सगळी थडगी इंग्लंडकडे तोंड करून आहेत.

मागे राहिल्या त्या

सगळेच जॅक काही बायकामुलं घेऊन गेले नाहीत. पुष्कळ एकटेच गेले. दोन वर्षांत येतो म्हणाले आणि दहा वर्षं आले नाहीत. अशा घरच्या बायकांना त्या काळी एक नाव होतं, 'नवरा असलेल्या विधवा'. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींतून पैसा येऊ लागला, तेव्हा रेड्रुथ-कॅम्बोर्नची सारी बाजारपेठ आफ्रिकेच्या टपालाकडे डोळे लावून बसे. कोकणातल्या मनीऑर्डरीची आठवण व्हावी असंच ते चित्र. 1899 मध्ये तिकडे बोअर युद्ध पेटलं, खाणी थांबल्या आणि इकडच्या चुली गारठल्या.

रिचर्ड ट्रेव्हिथिक हा तर मोठा माणूस, वाफेच्या इंजिनाचा कर्ता. कॅम्बोर्नला त्याचा पुतळा आहे. 1816 साली तो पेरूच्या चांदीच्या खाणींसाठी निघाला. घरी बायको जेन आणि सहा मुलं. तो परतला 1827 साली, तोही रिकाम्या हातांनी. तोवर जेनने माहेरच्या आधाराने संसार रेटला. हेल गावी तिने उतारूंसाठी व्हाइट हार्ट नावाचा गुत्ता-खाणावळ चालवली. पुतळा त्याचा झाला. घर सावरलं ते तिनं.

माग कसा काढतात?

पहिला धागा आडनावाचा. आपल्याकडे 'कर' लागलं की गाव कळतं, तसं तिथे 'ट्रे', 'पोल', 'पेन' यांवरून कॉर्निश माणूस ओळखतात. ट्रे म्हणजे वस्ती, पोल म्हणजे तळं, पेन म्हणजे टोक किंवा माथा. पण एवढ्याने भागत नाही. एकेका गावात जॉन, विल्यम आणि रिचर्ड नावाची माणसं ढिगांनी! आपला जॉन कोणता?

इथे बायका मदतीला येतात. पुष्कळ कॉर्निश घरांत आईचं माहेरचं आडनाव मुलाला मधलं नाव म्हणून देत. ते मधलं नाव हाती आलं, की कुलूप उघडलंच म्हणून समजा.

मग कागद. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत आपली घराणी सापडतात ना? तशा तिकडे चर्चच्या वह्या. बारसं, लग्न आणि दफन यांच्या नोंदी 1538 पासून ठेवण्याचा हुकूम होता. 1754 पासून लग्नाच्या नोंदीखाली वधूवरांची सही असते, नाहीतर फुली. थरथरत्या हाताने काढलेली पणजीची फुली पाहून डोळे भरून येणाऱ्या नाती असणारच.

1 जुलै 1837 पासून सरकारी नोंदणी आली. जन्माच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं. लग्नाच्या दाखल्यावर मात्र फक्त बापाचंच नाव. आईचं नाव तिथे यायला 2021 साल उजाडावं लागलं, बोला आता! शिरगणतीत 1851 पासून प्रत्येकाचं नातं आणि जन्मगाव लिहिलेलं असतं. घरात 'बायको' आहे, मुलं आहेत आणि नवऱ्याची ओळच नाही, असं दिसलं की समजावं, गडी परदेशी असू शकेल.

इंग्लंडहून सुटलेल्या बोटींच्या उतारूंच्या याद्या 1890 पासूनच्याच सापडतात. त्याआधीचा माणूस जिथे उतरला, तिथल्या दप्तरात शोधायचा. कोलारला गेलेल्यांच्या घरची बारशी नि लग्नं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, हिंदुस्थानातल्या चर्चनोंदींत मिळू शकतात. आणि नवऱ्याचे पैसे येईनात म्हणून एखादी गरिबांच्या मदतनिधीकडे गेली असेल, तर तिथल्या कागदांतही तिचं नाव असतं. अब्रू गेली म्हणून जी गोष्ट तिने लपवली असेल, तीच आज नातवंडांना तिच्यापर्यंत पोहोचवते.

यातलं कॉर्नवॉलचं स्थानिक दप्तर आता रेड्रुथला, एका जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत नांदतं आहे. 'क्रेसेन केर्नो' हे त्या संग्रहाचं नाव, म्हणजे कॉर्निश भाषेत कॉर्नवॉलचं केंद्र. 2019 साली तो लोकांसाठी उघडला.

आपल्या घरचं काय?

आपल्याकडे कुलवृत्तांत छापतात, पण वंशवृक्षात फांद्या बहुधा मुलग्यांच्याच. शिवाय लग्नात आपलं आडनाव बदलतं, कित्येकींचं पाळण्यातलं नावसुद्धा. मग शंभर वर्षांनी कुणी शोधायला निघालं, तर आपण सापडणार कशा?

म्हणून एवढं करा. येत्या रविवारी दुपारची झाकपाक झाली, की घरातल्या सर्वांत वडील बाईजवळ वही घेऊन बसा. सासूबाई असोत, आत्या असोत, आई असो. त्यांचं माहेरचं नाव, आडनाव, गाव, आईचं नाव, आजीचं नाव लिहून घ्या. जुन्या फोटोंच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावं घाला. शाईने नको, ती पुढे उमटते. पत्रं असतील तर पाकिटं फेकू नका, त्यांवर गाव आणि तारीख असते. आणि सगळ्यांत शेवटी, न लाजता, स्वतःचं पाळण्यातलं नाव लिहा.