हिशेबाच्या वहीतल्या कविता

मैत्रिणींनो, घरोघरी एक वही असतेच. दुधाचे खाडे, वाणसामान, धोब्याकडचे कपडे, सारं तिच्यात. माझ्याही वहीत तेच आहे. पण ती मागच्या बाजूनं उघडलीत तर तिथं कविता सापडतील. तुम्ही म्हणाल, कवितांना वेगळी वही का नाही केली? अहो, वेगळी वही कपाटात पडून राहते, हिशेबाची रोज हाताशी येते! आवडलेली कविता उतरवायची, खाली तारीख घालायची आणि ती त्या दिवशी का आठवली ते दोन ओळींत लिहायचं, एवढाच माझा नेम. त्यातल्या तीन पानांविषयी आज सांगते.

पहिलं पान बालकवींचं. 'औदुंबर' ही अवघी आठ ओळींची कविता. पुण्याला शाळेत असताना पाठ झालेली. १९७४ साली लग्न होऊन मी जळगावला आले. ऊन असं, की दोरीवरचं लुगडं घटकाभरात कडकडीत वाळावं. भाजी तिखटजाळ आणि माणसांचं बोलणं निम्मं कळायचं नाही. एकदा आम्ही पॅसेंजरनं भुसावळला निघालो होतो. मध्येच लहानसं स्टेशन लागलं, भादली. हे म्हणाले, "तुमचे बालकवी इथंच गेले बरं का." १९१८ च्या मे महिन्यात, रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून. वय अवघं २७. जन्मही इकडचाच, धरणगावचा. मी खिडकीतून ते रूळ बघत राहिले आणि कविता मनातल्या मनात म्हटली. माहेराहून पाठ करून आणलेली कविता, तिचा कवी मात्र माझ्या सासरचा निघाला! त्या एका दिवसात गाव काही आपलं झालं नाही. पण परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं, तसं वाटलं खरं.

दुसरं पान बहिणाबाईंचं, म्हणजे खरं तर माझ्या सासूबाईंचं. त्यांना अक्षरओळख नव्हती. बोलणं अस्सल खानदेशी. 'डोळा' नाही, 'डोया'. 'आभाळ' नाही, 'आभाय'. शिकलेल्या बायका घरी आल्या की त्या माजघरातच बसून राहायच्या. कुणीतरी एकदा त्यांच्या बोलण्याला हसलं होतं, ते त्यांच्या मनात बसलं होतं. मुलगा चौथीत असताना त्याच्या पुस्तकात बहिणाबाईंची कविता होती. तो आपल्या शाळकरी पद्धतीनं घडाघडा वाचत होता. आतून सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "असं नाही रे बाबा," आणि त्यांनी एकेक शब्द म्हणून दाखवला. कवितेचा सूरच पालटला! मग मी त्यांना बहिणाबाईंची हकीकत सांगितली. आसोद्याची लेक, जळगावची सून, कधी शाळेत न गेलेली. घरात आणि शेतात काम करता करता रचलेली गाणी मुलानं, कवी सोपानदेवांनी, आणि भाच्यानं टिपून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या, त्यानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपानं आली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आपलं बोलनं बी पुस्तकात राहतं का, बाई?"

त्यानंतर पाहुणे आले की सासूबाई बाहेर येऊन बसू लागल्या. २०१८ साली इथल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं, तेव्हा त्या हयात नव्हत्या. मी मात्र त्या पानाखाली ती तारीख लिहून ठेवली.

तिसरं पान इंदिरा संतांचं. लग्नाआधी मला त्यांच्या कविता नुसत्या गोड वाटायच्या. १९४६ साली त्यांचे पती, ना. मा. संत, गेले. मुलं लहान होती. बेळगावात शिकवण्याची नोकरी करत त्या उभ्या राहिल्या आणि १९५१ मध्ये 'शेला' आला. हे वाचून ठाऊक होतं. कळलं मात्र माझे हे गेले तेव्हा. भेटायला येणारी प्रत्येकजण म्हणायची, "धीर धरा, मुलांकडे बघा." सगळ्या मायेनंच बोलायच्या. पण रात्री घर निजलं की चहाचे दोन कप काढायला जाणारा हात मध्येच थांबायचा, त्याला कोण काय सांगणार? त्या दिवसांत मी 'शेला' पुन्हा वाचला. त्या कवितांनी मला धीर दिला नाही, उपदेश तर मुळीच केला नाही. शेजारी येऊन मुकाट्यानं बसणारी बाई असते ना, तशा त्या बसून राहिल्या. त्या पानाखाली फक्त तारीख आहे. दोन ओळी अजून लिहिलेल्या नाहीत, आणि लिहिल्याच पाहिजेत असंही आता वाटत नाही.

तर सख्यांनो, तुम्हीही असं करून बघा. शाळेत पाठ केलेली एखादी तरी कविता आठवत असेलच. भाजी निवडताना म्हणून बघा; अडलात तर पुस्तकात शोधा आणि उतरवून ठेवा. खाली तारीख घालायला विसरू नका. आणि घरात वडीलधारी बाई असेल, तर आधी तिला विचारा. जात्यावरची ओवी असो की भोंडल्याचं गाणं, ती सांगेल तशीच, तिच्याच उच्चारात लिहून घ्या. शुद्ध करायला जाऊ नका. हे काम तेवढं उद्यावर टाकू नका.