आधी पुरावा, मग गुणाकार

संभाव्यता शिकवताना निश्चित, अशक्य, पूरक ही मंडळी फारसा त्रास देत नाहीत. एका फाशावर सात पडणार नाही, हे पोरांना शिकवावं लागत नाही. पूरक घटना तर आवडतेच, आकडेमोड वाचते ना! फासा चारदा टाकून निदान एक सहा पडण्याची संभाव्यता हवी? मग एकदाही सहा न पडण्याची काढा, ६२५/१२९६, आणि एकातून वजा करा. ६७१ विरुद्ध ६२५ हा हिशेब पास्कालने १६५४ मध्ये फर्माला लिहिलेल्या पत्रातही आहे.

खरा घोळ होतो तो परस्पर अपवर्जी आणि स्वतंत्र या दोघींत. ‘दोन्ही एकदम घडत नाहीत, म्हणजे एकमेकींशी संबंध नाही, म्हणजे स्वतंत्र,’ असं दरवर्षी कोणीतरी छातीठोकपणे सांगतं. अहो, सम अंक पडला म्हटल्यावर विषम पडला नाही हे फाशाकडे न बघताच कळतं. याहून घट्ट संबंध कुठला?

मग मी फळ्यावर लिहितो: सम अंक, चार किंवा त्याहून लहान अंक. फासा एकच, टाकायचाही एकदाच. त्यामुळे ‘स्वतंत्र नाहीत’ असा गलका होतो. गुणाकार करा: १/२ गुणिले २/३, म्हणजे १/३. दोन्हींत बसणारे अंक २ आणि ४, म्हणजे तेही १/३. झाल्या की स्वतंत्र! आता चारऐवजी तीन घ्या. सामाईक उरतो एकटा २. गुणाकार सांगतो १/४, प्रत्यक्षात येते १/६. गेलं स्वातंत्र्य. पाठ्यपुस्तकांनी हेच उदाहरण आधी द्यावं. नाणं आणि फासा एकत्र टाकण्याच्या उदाहरणांमुळे स्वातंत्र्य नुसतं बघून ओळखता येतं, असा समज पक्का होतो.

हा समज कोर्टातही शिरतो. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकीलबाईंची दोन तान्ही बाळं दगावली आणि खुनाचा आरोप त्यांच्यावरच आला. १९९९ च्या खटल्यात सरकार पक्षाच्या बालरोगतज्ज्ञाने एका आकस्मिक बालमृत्यूसाठीच्या ‘८,५४३ मध्ये एक’ या आकड्याचा सरळ वर्ग केला आणि असे दोन आकस्मिक मृत्यू सुमारे ७.३ कोटींत एकदाच होतील, असं ज्युरीला सांगितलं. घर एक, आईबाप तेच, तरी मृत्यू स्वतंत्र धरले! या आकड्याला संख्याशास्त्रीय आधार नाही, असं रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर केलं. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली ती मुख्यतः बचाव पक्षापासून दूर राहिलेल्या वैद्यकीय तपासण्यांमुळे. पण आकड्याचा मुद्दा पूर्ण मांडला गेला असता तर बहुधा तेवढ्यावरही अपील मान्य झालं असतं, असं न्यायालयानेच नोंदवलं आहे. तोवर बाईंची तीन वर्षं तुरुंगात गेली होती.