तोंडावरचा वारा

आषाढात नांदेडहून पंढरपूरला सायकलीनं निघणाऱ्यानं एक गोष्ट धरूनच चालावी: वारा तोंडावर असणार. पावसाळी वारे नैऋत्येकडून येतात आणि पंढरीही नेमकी त्याच अंगाला. लोह्याच्या पुढं झाडं विरळ झाली, की सपाट रस्त्यालासुद्धा चढाचा गिअर टाकावा लागतो. पायी वारकऱ्याचा हा वारा घाम पुसत असेल, आम्हाला तो बोलूही देत नाही. पुढच्याच्या मागच्या चाकावर नजर ठेवून मान खाली घालून चालायचं. पॅडलच्या लयीत ‘विठ्ठल विठ्ठल’ छान बसतं, पण माळेगाव सोडून बालाघाटाचे चढ लागले, की पहिल्या अक्षरालाच दम संपतो. वारी म्हणजे संगत असेल, तर सायकलवारी जरा एकलकोंडीच म्हणायची.

चाकूरच्या अलीकडं एका टपरीवर सुशीला खायला थांबलो. भिजवलेले चुरमुरे, वर दाण्याचं कूट, मिरचीचा ठसका. टपरीवाल्या मावशींनी आमच्या हेल्मेटांकडं बघून घेतलं. ‘‘पायी न्हाई जमत व्हय माऊली?’’ मी म्हटलं, ‘‘रजा कमी आहे, मावशी.’’ त्यावर त्या सहज म्हणाल्या, ‘‘मंग लवकर पोचचाल. पावसाचं तेवढं सांगा त्याला, सोयाबीन पेरून बसलाव.’’ पैसे मात्र घेईनात.

पाऊस म्हणाल तर तो आम्हाला तासाभरात भेटला. मोठ्या रस्त्यावर पावसाचं काही वाटत नाही. खरी परीक्षा कच्च्या बाजूपट्टीवर उतरलं की होते. काळी माती टायरला धरते, टायरची मडगार्डला, आणि चार हातांवर चाक गच्च बसतं. मग बाभळीची काडी मोडून ती लगद्यासारखी माती कोरत बसायचं. काडीचा काटा ट्यूबमध्ये गेला नाही, तर त्या दिवशी विठोबा प्रसन्न.

या वाटेचा खरा वाटसरू मात्र नामदेव. नांदेडला 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. त्या ग्रंथात नामदेवांची 61 पदं आहेत. सचखंड गुरुद्वाऱ्यावरून निघायचं आणि पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवपायरीशी पोचायचं, म्हणजे दोन्ही टोकांना तोच. आणि मधे, ढोकीजवळ, तेर. इथं गोरोबाकाका कुंभारांनी संतांची डोकी थापटण्यानं वाजवून पाहिली आणि हे एक मडकं कच्चं, असं नामदेवांकडं बघून सांगितलं. नामदेव रुसून विठ्ठलाकडं गेले. विठ्ठलानं समजूत घालायची सोडून त्यांना औंढ्या नागनाथला, विसोबा खेचरांना गुरू करायला धाडलं. दहावी-बारावीच्या लातूर पॅटर्नच्या कितीतरी आधीपासून कच्ची पोरं पक्की करून द्यायचं काम मराठवाड्याकडं होतं, असं म्हणायला हरकत नाही. आपल्याच लाडक्याला नापास होऊ देणारा देव मला फार आवडतो. पक्कं झालेलं ते मडकं पुढं पार पंजाबात घुमानपर्यंत गेलं. अलीकडं पंढरपूरहून तिकडंही सायकली निघतात; त्यापुढं आमची मजल किरकोळच.

लातूर सोडल्यावर मुरूड, ढोकी, येडशी असा रस्ता. रेल्वेही याच मुलखातून जाते. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी पंढरपूरला 1906 मध्ये आणि लातूरला 1911 मध्ये पोचली. कितीएक पिढ्यांनी तिच्या डब्यांतून आषाढी गाठली. आता रूळ रुंद झाले. एप्रिल 2016 च्या दुष्काळात मिरजेहून जलदूत ही पाण्याची गाडी लातूरला आली ती याच मार्गानं, पंढरपूर-कुर्डुवाडीवरून. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. ज्या रुळांवरून माणसं विठ्ठलाकडं पावसाचं गाऱ्हाणं घेऊन जात होती, त्यांवरूनच पाणी यावं! आमच्यातला एक लातूरकर तेव्हा घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलेला. रस्त्यात पावसानं झोडपलं, तरी त्यानं रेनकोट काही पिशवीतून काढला नाही.

येडशीला माथा येतो. तिथवर पडलेला पाऊस तेरणा-मांजरेतून गोदावरीला जातो. घाट उतरलं, की पाणी भीमेच्या दिशेला वळतं. आपणही उतारानं बार्शीकडं सुटतो. सगळ्या वाटेवर पॅडल न मारता जायला मिळतं ते इथंच, आणि तेवढ्यात वारा पुन्हा छातीवर येऊन ब्रेक लावतो. बार्शीत भगवंताला हात जोडले, की पुढचं अंतर पायांपेक्षा गर्दीच्याच जोरावर कापलं जातं. दिंड्या दिसतात, ‘‘माऊली, बाजूनं!’’ म्हणत सायकली हातात धराव्या लागतात, आणि अखेरचा बराचसा रस्ता आम्हीही पायीच जातो.

परत येताना वारा पाठीशी असतो. नांदेडपर्यंत ढकलत आणून सोडेल असा. पण तोवर रजा संपलेली असते, आणि सगळ्यांच्या सायकली दोरखंडानं बांधून टेम्पोत चढवलेल्या असतात.